आज्जीच्या हातावरचं गोंदण मला माझ्या हातावर हवंय – पहिला टॅटू, कसा आणि नंतर काय?

शहापूरची_लेक

सगळ्यांना नमस्कार. मी बेळगावात शहापूरला राहते, वय २३. आजोळ खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडचं एक खेडं. आज्जीच्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे आणि त्याच्याखाली ठिपक्यांची ओळ. लग्नाआधी गोंदवलेलं. आता ती ८१ वर्षांची आहे.

गेल्या वर्षी पडून तिचा खुबा मोडला. ऑपरेशनच्या आधी दोन रात्री मी दवाखान्यात तिचा हात धरून बसले होते. सलाईनची चिकटपट्टी बरोबर त्या वृंदावनावर लावलेली. पट्टी काढल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? "पुसलं नाही न्हवं गं?" त्या दिवसापासून डोक्यात आहे की तेच वृंदावन, त्याच जागी, माझ्या हातावर हवं.

मला टॅटूतलं काहीच कळत नाही. जुन्या गोंदणाची नक्कल मशीननं नीट होते का? दुकान चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं? नंतर हळद लावायची का? आज्जी म्हणते हळद आणि खोबरेल, मैत्रीण म्हणते काहीच लावू नको. आणि आईचा विरोध आहे. तिचं म्हणणं, उद्या सासरचे काय म्हणतील.

सुईवाला_टिळकवाडी

ताई, मी बेळगावातच टॅटू काढतो, ९ वर्षं झाली. दुकानाचं नाव सांगत नाही, इथं जाहिरात नको.

नक्कल होते, पण आधी एक गोष्ट समजून घ्या. आज्जींच्या हातावर आज जे दिसतं ते मूळ गोंदण नाही. साठ-पासष्ट वर्षांत शाई कातडीत पसरते. काळा रंग हिरवट-निळा दिसायला लागतो, बारीक ठिपका मुगाएवढा होतो, जवळच्या दोन रेघा एक होतात. फोटो जसाच्या तसा गिरवला तर तुमच्या हातावर पहिल्या दिवसापासूनच म्हातारं गोंदण येईल. म्हणून सकाळच्या उजेडात, हाताची कातडी अंगठ्यानं हलकी ताणून फोटो काढा. बाजूला पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. आणि आज्जींना विचारून घ्या: ओटा किती पायऱ्यांचा होता, ठिपके किती होते. त्यांना आठवत असणार.

शाई टिकते कशी तेही सांगतो, म्हणजे नंतरची काळजी का घ्यायची ते आपोआप कळेल. कातडीचा वरचा थर महिना-दीड महिन्यात झडून नवा येतो. त्याच्याखालच्या थरात, साधारण १ ते २ मिलीमीटर खोल, सुई शाई सोडते. शरीर त्या शाईला परकी वस्तू समजतं. पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी तिचे कण गिळतात आणि तिथंच बसून राहतात. त्या मेल्या की सुटलेले कण नव्या पेशी गिळतात. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. सुई वरच्यावर फिरली तर शाई खपलीबरोबर निघून जाते, फार खोल गेली तर कडेनं निळसर फुटते. हात बसलेला माणूस हवा तो एवढ्यासाठी.

दुकानात गेलात की रंगीत पोस्टर बघू नका, त्याच्या हाताकडे बघा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडतो का? पाकिटावरची मुदत दाखवतो का? शाई बाटलीतून छोट्या टोपणात काढून घेतो की सुई थेट बाटलीत बुडवतो? मध्ये फोन उचलला तर हातमोजे बदलतो का? मशीनला, वायरीला, बाटलीला प्लॅस्टिक गुंडाळलेलं आहे का? शाई पातळ करायला नळाचं पाणी घेताना दिसला तर खुर्चीवरून उठा. पैसे दिले असतील तरी उठा. विचारलेल्या प्रश्नाचा राग येणारा माणूस असेल तर तिथं करूच नका.

वेळ आता चांगली आहे. डिसेंबरात घाम कमी. पावसाळ्यात मी शेतकऱ्यांच्या पोरांना परत पाठवतो. खानापूरकडं लावणीच्या दिवसांत चिखलात हात घालायचा आणि हातावर ताजी जखम, हे जमत नाही.

नंदगडची_काकी

बाळ, तुझ्या आईला सांग, आमच्या वेळी उलटं होतं. गोंदलं नसेल तर सासू विचारायची, "माहेरी हाताला काही लावलं नाही वाटतं?" माझ्या कपाळावर एक, हनुवटीवर एक आणि दोन्ही हातांवर आहे.

आमच्याकडं गोंदणारी कोरवीण यायची, सुगी झाली की. गोंदणाला कन्नडमध्ये हच्चे म्हणतात, ती बाई दोन्ही भाषांत बोलायची. दोन-तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, दिव्याचं काजळ, त्यात कसला तरी पानांचा रस. एक बाई खांदे धरायची, एक हात धरायची, आणि कोरवीण गाणं म्हणत टोचायची. आपण रडलो की ती आवाज चढवायची. नंतर हळद आणि तेल. मजुरी म्हणून दोन शेर जोंधळे आणि आईचं जुनं लुगडं दिलेलं मला आठवतं. माझा हात आठ दिवस सुजला होता. शेजारच्या एकीचा तर पिकला, अजून तिथं गाठ आहे. तेव्हा एकाच सुईनं सगळ्या गल्लीतल्या पोरी गोंदवून घ्यायच्या, कुणाला काय ठाऊक.

आम्हाला सांगायचे, मेल्यावर दागिने काढून घेतात, लुगडंही आपलं राहत नाही, गोंदण तेवढं बरोबर येतं. तुझ्या आज्जीनं पट्टी काढल्यावर ते का विचारलं, ते मला समजलं बघ.

उद्यमबागवाला

मी माझं झालेलं सांगतो, जेणेकरून कुणाचं तरी वाचेल.

चार वर्षांपूर्वी एका जत्रेत गेलो होतो. पाळण्याच्या शेजारी एक माणूस बॅटरीच्या मशीनवर गोंदत बसलेला. दीडशे रुपयांत नाव. माझ्या आधी तिघांना त्यानं काढलं, सुई तीच. फडक्यानं पुसायचा, डेटॉलचा एक थेंब लावायचा, पुढचा. मी बघत होतो आणि तरी बसलो. लग्नाला सहा महिने झाले होते, उजव्या हातावर बायकोचं नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कामावर. मी कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो, कूलंटमध्ये, म्हणजे मशीन गार ठेवणाऱ्या द्रवात, हात जातोच. झाकायचं म्हणून रुमाल बांधला. तो रुमाल दुपारपर्यंत कूलंटनं भिजला आणि तसाच संध्याकाळपर्यंत राहिला. चौथ्या दिवशी हात लाल, हाताला गरम लागायचा, आणि लाली नावाच्या बाहेर दोन बोटं पसरलेली. पाचव्या दिवशी काखेत अवधाण आलं, रात्री हुडहुडी भरून ताप. मेडिकलमधून एक मलमाची ट्यूब आणून लावली, त्यानं लाली थोडी कमी वाटली आणि आतून पू वाढत गेला. सातव्या दिवशी डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला. इंजेक्शनं, नऊ दिवस बिनपगारी रजा.

ते बरं झालं. पण डॉक्टरांनी पुढं कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची तपासणी लिहून दिली, आणि लगेच एकदा करून भागत नाही म्हणाले, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी परत. त्या सहा महिन्यांत बायको गरोदर होती. तिला सांगायचं की नाही यात मी तीन आठवडे काढले. शेवटी सांगितलं. ती काही बोलली नाही, रिपोर्ट आणायला माझ्याबरोबर आली. सगळे रिपोर्ट चांगले आले. नावातलं मधलं अक्षर व्रणात गेलंय.

ताई, तुम्ही आधी विचारताय, फार बरं करताय.

सिस्टर_अक्का

मी २२ वर्षं नर्स आहे. वरच्या भावानं मनापासून लिहिलंय, त्याला जोडून थोडं सांगते.

कावीळ बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. डेटॉल पुसून सुई निर्जंतुक होत नाही, उकळूनही पूर्ण होत नाही. वापरून झालेली सुई फेकायचीच. कावीळ बीची लस आहे, मोठ्यांना तीन डोस: पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. टॅटू करा किंवा न करा, झाली नसेल तर घ्या. कावीळ सीला लस नाही.

नळाच्या पाण्याचं सुईवाल्या भावानं बरोबर सांगितलं. २०११ च्या शेवटी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९ जणांना टॅटूवर लवकर न जाणारे लाल फोड आले होते. कारण निघालं कारखान्यातूनच पातळ करून आलेली करडी शाई, तिच्यात पाण्यात वाढणारे, क्षयरोगाच्या जंतूंच्या जातीचे जंतू होते. अशा फोडांना साधी अँटिबायोटिक चालत नाही, महिनोन्‌महिने औषध लागतं. आपल्याकडं तर पाणी चार-चार दिवस बॅरलमध्ये साठवलेलं असतं. पहिले आठ-दहा दिवस टॅटू धुवायला उकळून गार केलेलं पाणी घ्या, हे माझं आग्रहाचं सांगणं.

मेडिकलमधली ट्यूब. काउंटरवर "खाज येते" म्हटलं की बऱ्याचदा स्टेरॉईड असलेलं मलम हातात मिळतं. त्यानं लाली दबते, म्हणून बरं वाटतं, पण जखम भरणं मंदावतं आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. या भावाचं तेच झालेलं दिसतं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावायचं नाही.

हळदीचं: हळद आपल्या घरात औषधच आहे, पण बाजारातली पूड निर्जंतुक नसते. ताज्या टॅटूला हजारो भोकं असतात, त्यात कुठलीही पूड भरायची नाही. आज्जींना सांगा, पोपडे गळून कातडी बंद झाली की खोबरेल त्यांच्याच हातानं लावून घेईन.

मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किंवा घरात कुणाला जखमेचा व्रण फुगून वाढायची सवय असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. पोटात बाळ असताना टॅटू नको. आणि रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही. आमच्याकडं शिवजयंतीच्या शिबिराला मुलं उत्साहानं येतात आणि बाहीखालून नवा टॅटू निघतो, परत पाठवावं लागतं.

येळ्ळूरचा_पोरगा

मी मध्येच विचारूलोय, माफ करा. मला दंडावर महाराज काढायचेत आणि मनगटावर राजमुद्रा. पण भरतीला पण जायचंय. चालतंय काय?

माजी_सुभेदार

पोरा, थांब. दंडावर काढलास तर मैदानावर कितीही पळालास तरी मेडिकलला बाहेर.

सैन्याचा नियम असा: कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या आतून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. दुसरीकडं कुठंही असेल तर पुढं घेत नाहीत. आदिवासी जमातींना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ या केंद्रीय दलांचा नियम आणखी आवळ आहे: आतल्या बाजूला, तोही डाव्याच हाताला, कारण सॅल्यूट उजव्या हातानं करतात, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला. आकार त्या भागाच्या पावपेक्षा कमी. देवाचं चिन्ह आणि नाव चालतं. तरी फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाच.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, २४ वर्षं. बेळगावच्या सेंटरबाहेर दंडावर महाराज असलेली, छाती आणि पळणं उत्तम असलेली पोरं रडत परत जाताना पाहिली आहेत. महाराजांची जयघोषणा तुला पलटणीत रोज द्यायला मिळेल. आधी भरती हो, दंडाचं पुढं बघू.

सुईवाला_टिळकवाडी

सुभेदार काकांना नमस्कार, मी आता हे लिहून दुकानात लावणार आहे.

राजमुद्रेबद्दल भावा, माझं ऐक. वैशाखातल्या आपल्या शिवजयंतीच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडं रोज राजमुद्रा मागणारे येतात. मुद्रेवर दोन ओळींचा श्लोक आहे: "प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते." यातलं "वर्धिष्णुर्विश्व" मनगटावर रुपयाएवढ्या जागेत बसवलं तर पाच वर्षांत ष्णु आणि र्वि एक काळा डाग होतात. आपल्या जोडाक्षरांच्या पोटात मोकळी जागा लागते. शाई पसरणारच हे धरून अक्षर मोठं काढावं लागतं. आणि चुका! "सूनोः"चा विसर्ग गेलेला, "शिवस्यैषा"ची एक मात्रा गेलेली, अशा मुद्रा मी दुरुस्तीला आलेल्या बघितल्या आहेत. काढणारा इंटरनेटवरचं चित्र उचलतो, काही वेळा त्याला देवनागरी वाचता येत नाही. स्टेन्सिल, म्हणजे कागदावरचा नमुना, हातावर उमटवली की मशीन सुरू होण्याआधी मराठी वाचणाऱ्या दोघांकडून अक्षर-अक्षर वाचून घ्या. ज्या नावाला आपण मान देतो ते चुकीचं लिहून आयुष्यभर वागवायचं नाही.

शहापूरची_लेक

काल आजोळी जाऊन आले. फोटो काढला. ठिपके मोजायला गेलो आणि अडकलो. फोटोत आठ दिसतात. आज्जी म्हणते नऊ होते. बोट ठेवून दाखवते, पण तिथं नुसती सुरकुती आहे. मामा म्हणतो आठच. मी काय करू?

सुईवाला_टिळकवाडी

आठ काढून घ्या आणि नवव्याची जागा मोकळी सोडा. ठिपका कधीही घालता येतो, पुसता येत नाही. लेझरनं काळा रंग बराच जातो, पण अनेक बैठका, दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे, आणि खर्च गोंदवण्याच्या कितीतरी पट.

वडगावचा_विणकर

ताई, एक लहान गोष्ट. माझ्या घरात चार माग आहेत, हवेत सतत कापसाची कुसं. माझ्या ताज्या टॅटूवर मलम जास्त झालं आणि सगळी कुसं त्यावर चिकटली. मलम नखावर मावेल एवढंच. चमकलं पाहिजे, ओलं दिसायला नको.

शहापूरची_लेक

झालं!! आई बरोबर आली होती, शेवटपर्यंत तोंड फिरवून बसली. मी सकाळी पोटभर भाकरी खाऊन गेले. पाऊण तास लागला, २,५०० रुपये. पाकीट समोर फोडलं, मी मुदत वाचली. मनगटाजवळ सरकलं तशी आग वाढली, ठिपक्यांना मात्र काहीच वाटलं नाही. काळ्याशिवाय दुसरा रंग नाही. लाल शाईची अ‍ॅलर्जी सगळ्यात जास्त होते, असं दुकानातल्या दादांनी स्वतःहून सांगितलं.

त्यांनी प्लॅस्टिक लावून दिलं, चार तासांनी काढायला सांगितलं. काढलं तेव्हा खाली काळपट पाणी साठलेलं, मी घाबरले. सिस्टर अक्का, हे बरोबर आहे ना?

सिस्टर_अक्का

बरोबर आहे. ते शरीरातलं पाणी आणि उरलेली शाई. हात साबणानं धू, मग बिनवासाच्या सौम्य साबणाचा फेस बोटांनी फिरव, घासायचं नाही, टॉवेल नको. स्वच्छ टिश्यूनं टिपून घे आणि दहा मिनिटं हवेवर ठेव. दिवसातून दोन-तीन वेळा. पहिली चादर जुनी घाल, डाग पडेल.

लाली आणि सूज दोन-तीन दिवस चालते, पण रोज कमी व्हायला हवी. वाढली, लाल रेघ हातावर वर सरकली, पू किंवा ताप आला, तर इथं विचारत बसू नको, डॉक्टरकडं जा.

शहापूरची_लेक

सहावा दिवस. खाज! झोप येईना. पापुद्रे निघताहेत आणि त्यांच्याबरोबर काळं निघतंय. आजोळहून फोन येतो, "हळद लावलीस की नाही?"

नंदगडची_काकी

खाजवू नको गं बाळ. हाताच्या पंज्यानं हलकी थाप मार. लांब बाहीचं सुती घाल, रात्री झोपेत नख लागणार नाही.

सुईवाला_टिळकवाडी

निघणारी ती वरच्या थरातली शाई, ती जायलाच हवी. स्वतःहून पडेल ते पडू दे, ओढलं तर खालची पण येते आणि तिथं फिकं राहतं. बेळगावची कोरडी थंडी आहे, बिनवासाचं लोशन अगदी पातळ लावा. यानंतर दोन-तीन आठवडे कातडी दुधाळ दिसेल, रंग गेला असं वाटेल. थांबा. आणि नवीन वर्षाला मैत्रिणी गोव्याला नेतील, समुद्रात हात घालायचा नाही, पोहण्याच्या तलावातही नाही. ऊन लागू देऊ नका. सनस्क्रीन जखम भरल्यावरच, पण मग कायम, एसपीएफ ३० च्या वरचं. ऊन हा टॅटूचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. आज्जींचा नववा ठिपका उन्हातल्या कामातच गेला असेल.

शहापूरची_लेक

संक्रांतीला आजोळी गेले. चार आठवडे झाले, कातडी गुळगुळीत, दुधाळपणा बराच गेलाय. आज्जीला खाटेवर बसवलं आणि माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. तिला जवळचं धड दिसत नाही. तिनं बोटानं चाचपलं, हाताला काही लागेना, तेव्हा म्हणाली, "गोंदलंय का काढलंय नुसतं?" मग खोबरेलाची वाटी मागितली आणि दोन्ही हातांना लावलं, आधी माझ्या.

नवव्याचं विचारलं. लग्न होऊन आली तेव्हा तिची धाकटी जाऊ भाताच्या मळणीत रोज तिच्याबरोबर असायची. दोघींनी मिळून एक-एक ठिपका जास्तीचा घातला होता, कोरवीण परत आली तेव्हा. म्हणून तो ओळीपासून जरा लांब होता आणि मामाला माहीत नव्हता. ती जाऊ मी बघितलेली नाही, माझ्या आईच्या लहानपणीच ती गेली.

सुईवाला_टिळकवाडी

अजून दोन आठवडे थांबा, मग या. किती लांब ते आज्जींकडून मापून आणा.

शहापूरची_लेक

आज घातला. ओळीपासून एका गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. आज्जीनं दाणाच दिला होता, कागदात बांधून.